म्हातारे शिंपले

आमची आत्या शिंपल्याची बटणं करायची. हे ऐकलं की लोक म्हणतात, किती छान. छान कसलं डोंबलाचं. शिंपला करवतीला लावायच्या आधी हौदात भिजत घालावा लागतो, नाहीतर तडकतो. आत मांसाचा एखादा कण राहिला असेल तर त्या हौदाला जी घाण सुटते, ती केसांत, कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात मुरते. शाळेत मुली माझ्या शेजारी बसायच्या नाहीत. मी त्यांना शिव्या घालायची आणि बाईंचा मार खायची. घरी येऊन रडगाणं गायलं की आत्या म्हणायची, "शिव्या कसल्या घालतेस? आणखी जवळ सरकून बसायचं."

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, म्हणून मी तिच्याकडे वाढले. तिचे दोन्ही मुलगे कामधंद्यासाठी लांब निघून गेले. मी मात्र राहिले. तोंडाने फटकळ म्हणून हिचं कुठे जमलं नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं बरं चाललं होतं. आत्या खिडकीपाशी पायाने करवत चालवायची. करवत म्हणजे एक पोकळ नळी, तोंडाला दाते. तिच्यावर शिंपला दाबला की गोल चकती सुटून खालच्या डब्यात पडायची. त्या चकत्या तीच चाकावर घासायची, मी गिरमिटाने चार भोकं पाडायची. उरलेला चाळणीसारखा शिंपला दाराबाहेरच्या ढिगावर जायचा. तो ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला होता.

चकती ओली ठेवून घासावी, म्हणजे धूळ उडत नाही, हे आत्याला कुणी सांगायला नको होतं. पण थंडीत पाण्याने तिचे हात फुटायचे, रक्त यायचं आणि बटणावर डाग पडायचा. मग ती कोरडंच घासायची. पांढरी भुकटी तिच्या भुवयांवर बसायची. तेव्हा मी हसायची, म्हणायची, "आत्या, म्हातारी झालीस." ती भुकटी भुवयांवरच थांबत नाही, आत जाऊन बसते, हे डॉक्टरने पुढे सांगितलं. तोवर तिला दोन खोल्या ओलांडतानासुद्धा भिंत धरावी लागत होती. आत्या डॉक्टरला म्हणाली, "इतकी वर्षं मी शिंपल्यांना खाल्लं. आता ते मला खातायत, त्यांचं तरी काय चुकलं?"

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, माशांचे. तळ्यात मासे वाढवून त्यांची बोटुकली विकायचा त्यांचा धंदा होता. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. एक कान कामातून गेलेला, दुसऱ्याने सोयीचं तेवढं ऐकायचे. माणसांशी फार बोलणं नाही, पण मासा उलटा तरंगताना दिसला की दिवसभर घशाखाली घास उतरायचा नाही. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. आत्या म्हणायची, "यांच्यापुढे मी मेले तर एकवेळ चालेल, मासा मरता कामा नये." आतोबांचा नेमका तो कामातून गेलेला कान तिच्याकडे असायचा.

तर एके दिवशी आमच्या दारात एक बाई आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात भिंग. नदीतल्या शिंपल्यांचा अभ्यास करत होत्या, म्हणून आम्ही त्यांना नदीवाल्या बाईच म्हणायचो. दाराबाहेरचा ढीग बघून त्या तिथेच मटकन बसल्या. मला वाटलं, आता ही आपल्याला शिव्या देणार. मीही कंबर कसूनच उभी होते. पण त्यांनी ढिगाच्या तळातला एक शिंपला काढला, वरचा एक काढला, दोन्ही आत्याच्या हातात दिले आणि विचारलं, "यात काय फरक दिसतो?"

आत्याने बोट फिरवलं. तळातला लहान, पातळ. वरचा तळहाताएवढा, जाड, पाठीवर वळ्याच वळ्या. "वरचा म्हातारा आहे," ती म्हणाली.

"नदीत आता फक्त म्हातारेच उरलेत," बाई म्हणाल्या. "एकही लहान नाही. मी वरपासून खालपर्यंत वाळू चाळली. हे मेले की संपलं."

मग शेडमध्ये बसून, चहा पीत, त्यांनी सगळी हकिगत सांगितली. नर शिंपला आपलं बीज पाण्यात सोडतो आणि मोकळा होतो. "त्यात नवल काय," आत्या म्हणाली. मादी ते पाण्याबरोबर आत ओढून घेते आणि पिल्लांना आपल्या कल्ल्यांत वाढवते. दिवस भरले की त्यांना पाण्यात सोडते. पिल्लू म्हणजे धुळीच्या कणाएवढं, दोन बारीक झडपा, बस्स. पोहता येत नाही, खाता येत नाही. त्याला एकच गोष्ट येते, झडपा मिटायच्या. जवळून मासा गेला तर त्याच्या कल्ल्याला किंवा परांना चिमटा घेऊन लटकायचं. नाही गेला तर दोन-चार दिवसांत मरायचं. माशाची कातडी पिल्लाभोवती वाढते, त्या फोडात ते काही आठवडे माशाच्या अंगातला रस पिऊन राहतं. आत त्याचा खरा शिंपला तयार होतो. मग ते गळून वाळूत पडतं आणि तिथून पुढे त्याचं आयुष्य सुरू. मासाही वाटेल तो चालत नाही. आमच्या शिंपल्यांना लागतो तो मिशीवाला चंदेरी मासा, आणि तो खालून वर यायचा. खाली बंधारा झाला तेव्हापासून तो येणं बंद झालं. शिंपल्यांना मात्र ते कोण सांगणार? दरवर्षी माद्या पिल्लं सोडतायत, ती मरतायत.

मला तर हे ऐकून किळसच आली. म्हटलं, "म्हणजे ही पिल्लं गोचिडासारखीच की."

"लहानपणी, हो," बाई हसल्या.

आत्या हसली नाही. बाई गेल्यावर ती ढिगापाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत शिंपले उपसत बसली. वरचे सगळे मोठे. मधले मोठे. लहान लागायला अगदी जमिनीपर्यंत जावं लागलं. "माझ्या डोळ्यांदेखत झालं हे," ती म्हणाली, "आणि मी खुश होते, की हल्ली माल मोठा येतो."

त्या दिवसापासून तिने नदीतून नवा शिंपला आणवला नाही. गोणीतला सुका माल होता, त्यावर आम्ही काम रेटलं. आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. मरायच्या आधी एक तरी पिल्लू बघायचं. घरामागे आतोबांची सिमेंटची जुनी टाकी होती. तळाला नदीची वाळू घातली, पाइपने वाहतं पाणी सोडलं, आणि नदीतून शोधून शोधून नऊ-दहा शिंपले आणून वाळूत रोवले. मी पाण्यात कंबरभर उभी राहून पायाने चाचपायची, ती काठावर धापा टाकत बसून "डावीकडे, जरा डावीकडे" करायची. नदीवाल्या बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. पुढे त्यांचं काम संपलं आणि त्या दुसरीकडे गेल्या. जाताना भिंग मात्र आत्याला देऊन गेल्या.

राहिले मासे. ते बंधाऱ्याखालून आणायचे, ड्रममधून, जिवंत. हे काम आतोबांशिवाय कुणाला जमणार? त्या दिवशी ते जेवून उठले तशी आत्याने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"हे बघ, यांना ते कल्ल्यांचं सांगायचं नाही."

"का?"

"पिल्लं माशाच्या कल्ल्यात बसून त्याचा रस पितात म्हटलं तर हा माणूस एक मासा देईल का? मी फक्त म्हणेन, मासे असले की शिंपल्यांना पिल्लं होतात."

"अगं पण ते विचारतील ना, कशी होतात?"

"बायकोला काही विचारायची सवय आहे का त्यांना?"

आणि खरंच, आतोबांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "शिंपले नि मासे? असली सोयरीक कुणी ऐकलीय?" आणि ड्रम घासायला बसले. दोन फेऱ्यांत त्यांनी मिशीवाले मासे आणले. वाटेत एकही दगावू दिला नाही. स्वतःचा सदरा भिजवून ड्रमावर पसरला होता, उन्हाचा ताव लागू नये म्हणून. मासे टाकीत सोडले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

एका सकाळी आत्याने मला हाका मारल्या. धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला. एका मादीने रात्रीतून पिल्लं सोडली होती. वाळूवर पिठाची चिमूट सांडावी तसं दिसत होतं. मी एक मासा जाळीत धरला, तिने त्याच्या कल्ल्यावरचं झाकण अलगद उचललं आणि भिंग धरलं. लालभडक कल्ल्यावर पांढरे ठिपके. परांच्या कडेलाही. "बसली गं," ती म्हणाली, "घट्ट बसली." ती रडत होती. मी माशाला परत पाण्यात सोडलं.

त्याच दुपारी तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, मी तिच्या उशाशी आणि आतोबा घरी, मासे सांभाळायला. आठवडा गेला. ती बोलू शकायची नाही, पण माझा हात धरून तर्जनी नि अंगठा असे मिटून दाखवायची. झडपा. मी म्हणायची, "आहेत, आहेत, बसलीत घट्ट." आतोबा डबा घेऊन येत, तेव्हा ती डोळ्यांनीच विचारायची. ते म्हणायचे, "सगळे मजेत आहेत. तू तुझं बघ."

घरी आली ती पलंगालाच लागली. पण रोज विचारायची, किती आठवडे झाले. दिवस भरले असं वाटलं तेव्हा तिने हट्टच धरला. मी खुर्ची टाकीपाशी नेली. टाकीच्या कोपऱ्यातली वाळू ताटात घेऊन तिच्या मांडीवर ठेवली. ती बोटाने वाळू पसरायची, भिंग धरायची, ताट मला परत द्यायची. दुसरं ताट. तिसरं. वाळूशिवाय काही नाही. मी टाकीचा तळ जवळजवळ सगळा उपसला. मी चिडून म्हटलं, "तुझं भिंगच खराब आहे." ती नुसती मान हलवत राहिली.

आतोबा तिथेच काठावर बसून माशांना खाणं टाकत होते. तिचा चेहरा उतरलेला बघून त्यांना वाटलं असावं, काहीतरी चांगलं सांगावं. म्हणाले, "तुला सांगितलं नव्हतं, उगाच घोर नको म्हणून. तू दवाखान्यात गेलीस त्या संध्याकाळी बघतो तर काय, सगळ्यांच्या कल्ल्यांना कीड. पांढरे ठिपके, परांना पण. माझ्या तळ्यावर असली कीड दोन दिवसांत सगळा माल साफ करायची. मी लगेच ड्रममध्ये मिठाचं पाणी केलं, लाल औषध घातलं. एकेकाला बुडवून काढलं. चार दिवस, रोज. टाकीतलं पाणी पण सगळं बदललं. एक मासा मेला नाही बघ. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं."

माझ्या हातातलं ताट निसटलं. वाळू माझ्या पायांवर सांडली. मी तोंड उघडलं, आणि आत्याने माझं मनगट असं पकडलं की एवढी ताकद तिच्यात कुठून आली मला कळेना.

ती आतोबांकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं केलंत."

आतोबांनी चांगला कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"बरं केलंत म्हणते. तुम्ही होतात म्हणून वाचले."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन भांडी आपटत बसले. नंतर तिला पलंगावर निजवताना मी सगळा राग काढला. म्हटलं, "सांगायचं होतंस ना त्यांना आधीच. मी म्हटलं होतं."

"हो. माझंच चुकलं," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्या माणसाबरोबर काढली आणि वाटलं, याला खरं सांगितलं तर हा नाही म्हणेल. कदाचित म्हणालाही नसता." धाप लागली म्हणून थांबली. "आता त्यांना कळता कामा नये. मासे मेलेले बघवत नाहीत त्यांना. आपण काय मारलं ते कळलं तर कसे जगतील? मला वचन दे."

मी दिलं. काय करणार होते?

"पुढच्या वर्षी परत सोडतील माद्या," मी म्हटलं.

"हो, सोडतील की," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पुढचं वर्ष तिच्या वाट्याला नव्हतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. थंडी सरायच्या आत ती गेली. शेवटी बाटलीतली हवासुद्धा तिला पुरेना.

मुलगे आले, चार दिवस राहणार होते, शेड विकून टाका म्हणाले. मी त्यांना असं काही झापलं की ते दोन दिवस आधीच परतले. आतोबा सकाळी उठले की ताट घेऊन टाकीपाशी बसायचे. वाळू पसरायची, भिंग लावायचं. पिल्लू कसं दिसतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आत्या शोधायची म्हणून ते शोधायचे. एकदा खडीचा चकचकीत कण घेऊन धावत माझ्याकडे आले. मी म्हटलं, "नाही, आतोबा. दगड आहे." "बरं," म्हणून परत जाऊन बसले.

टाकीतले शिंपलेही एकेक करून गेले. मेलेला शिंपला उघडा पडतो, तो काही मिटत नाही. या ऋतूत दोनच उरले होते. नदीत आता पायाला काही लागत नाही, मी महिनाभर चाचपून बघितलं. नदीवाल्या बाईंच्या जुन्या नंबरवर फोन केला, तो दुसऱ्याच कुणीतरी उचलला.

आणि परवा सकाळी वाळूवर ती पिठाची चिमूट दिसली. मी उभीच राहिले. मासे तेच होते, आतोबांनी जपलेले, गुबगुबीत. जाळीत धरून बघितलं. कल्ल्यांवर ठिपके. थोडेच, पण घट्ट. मला आत्याला हाक मारावीशी वाटली, इतकं मी विसरले होते.

मागून आतोबा आले. त्यांनी कल्ल्याचं झाकण उचलून बघितलं. "परत आली कीड," ते म्हणाले. "मीठ कुठे ठेवलंस?"

मिठाचा डबा मीच वरच्या फळीवर, त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला होता. सांगण्यासारखं हजार होतं. म्हणता आलं असतं, या खेपेला राहू द्या. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? आता ते विचारतात. आत्या गेल्यापासून प्रत्येक गोष्ट विचारतात, हे कसं, ते कशासाठी, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलत नाहीत. आणि वाचून तरी त्या पिल्लांनी कुठे जायचं होतं? नदीत मासा नाही. मोठी व्हायला त्यांना जी वर्षं लागतील तेवढी ना आतोबांकडे आहेत, ना बहुतेक माझ्याकडे. हे सगळं मला पटत होतं आणि तरी माझा जीव तुटत होता. ती शेवटची होती. माझ्या डोळ्यांसमोर होती, कल्ल्याला चिमटा घेऊन.

"अगं, डबा," आतोबा म्हणाले. "मागच्या वेळी ती म्हणाली होती ना, तुम्ही होतात म्हणून वाचले. आठवतं? उभ्या जन्मात एकदाच म्हणाली. वेळ घालवू नकोस."

मी स्टूल ओढलं, फळीवरून डबा काढला आणि त्यांच्या हातात दिला. मग ड्रम भरायला नळी लावली.